तुम्ही विचारलंत म्हणून: बॉल पायथनची मादी विणीसाठी तयार झाली हे कसे ओळखावे?

माझ्याकडे बॉल पायथन (आफ्रिकेतले बिनविषारी अजगर) आहेत हे बडोद्यातल्या बऱ्याच मराठी मंडळींना आता ठाऊक आहे. दिवाळी उलटून रात्री गार होऊ लागल्या की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, मादी दीड किलोची झाली आहे, आता नर सोडू का?" याचे उत्तर एका आकड्यात बसत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिते.

आधी एक खुलासा करते. हे सगळे पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या बॉल पायथनपुरते आहे. पावसाळ्यात विश्वामित्री नदीला पाणी चढले की अंगणात येणारी धामण किंवा आपल्याकडचा अजगर घरी ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यांच्या विणीचा विचार घरात करायचाच नाही.

मादीसाठी दीड किलो आणि नरासाठी सहाशे-सातशे ग्रॅम हे आकडे पाळणाऱ्यांमध्ये रूढ आहेत आणि ते निराधार नाहीत, परंतु वजनकाटा चरबी आणि स्नायू यांत भेद करत नाही. दर तीन-चार दिवसांनी उंदीर भरवून दीड वर्षात दीड किलोवर नेलेली मादी आणि बेताच्या खाण्यावर तीन-चार वर्षांत त्याच वजनाला पोचलेली मादी काट्यावर सारखी दिसली, तरी अंडी बाहेर ढकलण्याची ताकद दोघींत सारखी नसते. अंडी पोटात अडकण्याची भीती कोवळ्या, सुस्त आणि अतिलठ्ठ माद्यांमध्ये अधिक असते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर त्यात मादी दगावते. म्हणून वजन पुरेसे असले तरी तीन वर्षे पूर्ण होण्याआधी मी जोडी लावत नाही. चौथे वर्षही पूर्ण झाले तर त्याहून बरे, असे माझे मत आहे.

काट्यापेक्षा माझा भरवसा हातावर अधिक आहे. मादी शांतपणे सरकत असताना तिच्या पाठीवरून अंगठा हलकेच फिरवावा. कणा धारेसारखा टोचत असेल तर ती अशक्त आहे. उलट, कण्याच्या दोन्ही बाजूंचे मांस वर येऊन मध्ये पन्हळ पडली असेल, वेटोळे घातल्यावर खवल्यांच्या फटींतून कातडी ताणलेली दिसत असेल आणि शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडे फुगवटे आले असतील, तर ती लठ्ठ आहे. निरोगी मादीचे अंग गोलसर कडांच्या त्रिकोणासारखे लागते. कणा बोटाला कळतो, पण टोचत नाही. याच्या जोडीला वर्षभराची वही पाहावी: तिने काय खाल्ले, कात अखंड उतरली की तुकड्यातुकड्यांनी, श्वासाचा आवाज कधी आला का, अंगावर गोचीड-पिसवांसारखे किडे कधी सापडले का. यांपैकी एकही शंका शिल्लक असेल तर ते वर्ष जाऊ द्यावे.

नराबाबत फार सांगण्यासारखे नाही. तो विणीच्या दिवसांत खाणे सोडतो, तेव्हा ते उपाशी दिवस निभतील इतके अंग त्याच्यावर हवे.

थंडीत रात्रीचे तापमान थोडे उतरले की मादीचे शरीर बोलू लागते. ती आधी अधाशासारखी खाते, पुढे पेटीच्या गार बाजूला पडून राहते, पाण्याच्या भांड्याला विळखा घालते, तिचा रंग किंचित उजळतो. बीजांडे सुटतात तेव्हा अंगाचा मधला भाग एखाद-दुसरा दिवस मोठे भक्ष्य गिळल्यासारखा फुगलेला दिसतो. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी ती कात टाकते आणि कात टाकल्यावर सुमारे महिन्याभरात अंडी घालते. पोट चाचपून बीजांडे शोधण्याचा प्रयोग नवख्याने करू नये. सोनोग्राफीत ती सुरक्षितपणे मोजता येतात.

बडोद्याचे हवामान मात्र येथे वेगळा विचार करायला लावते. अंडी ३१ ते ३२ अंशांवर साधारण दोन महिने उबवावी लागतात आणि ते दिवस बहुधा ऐन उन्हाळ्यात येतात. घरगुती उबवणी पेटी ऊब देते, गारवा देत नाही. मे महिन्यात खोलीच चाळिशीला टेकली तर थर्मोस्टॅट हीटर बंद करूनही आतले तापमान खाली आणू शकत नाही आणि पिल्ले अंड्यातच मरतात किंवा कण्यात वाकडी निपजतात. रात्रंदिवस गार राहणारी खोली आणि वीज गेल्यावरची सोय नसेल, तर मादी कितीही तयार असली तरी घर तयार नाही.

बॉल पायथन साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची मालकी, जन्म, मृत्यू आणि हस्तांतरण यांची नोंद सरकारकडे करावी लागते. तुमच्या जोडीचीच नोंद नसेल तर पिल्लांची कशी करणार?

शेवटी, नर सोडण्याआधी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवा. गावातले बहुतेक दवाखाने कुत्र्या-मांजरांचे असतात. अडकलेल्या अंड्यांवर शस्त्रक्रिया केली आहे का, हे त्यांना स्पष्ट विचारा आणि मादीची तपासणी ऑक्टोबरमध्येच करून घ्या.