सुटी बार्बेरा घरी भरताना

इटलीतल्या तोरिनोत (ट्युरिनमध्ये) राहायला आल्यावर रोजच्या जेवणाबरोबरची वाईन मी सुपरमार्केटातूनच आणायचे. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना ते पटेना. "रोज प्यायची, तर काचेचे पैसे कशाला भरतेस?" असं म्हणत ते मला मोनफेर्रातो या द्राक्षमळ्यांच्या भागातल्या एका सहकारी वाईनरीत घेऊन गेले. आपल्याकडे कारखान्याला ऊस घालतात तशी तिथे सभासद शेतकरी द्राक्षं घालतात.

तिथे टाकीपासून आलेली नळी, तिच्या टोकाला खटक्याचा नळ आणि भिंतीवर लिटरचा काटा. भांडं आपलं न्यायचं. बार्बेरा या द्राक्षाची लाल वाईन, अडीच-तीन युरोला लिटर. पोटाला प्लास्टिकची जाळी असलेल्या काचेच्या घड्याला दामिजाना म्हणतात. मोठी 54 लिटरची असते, मी 28 ची घेतली. भरल्यावर ती उचलायला दोघं लागतात.

सुटी आणि स्वस्त म्हटल्यावर मनात शंका होतीच. 1986 मध्ये याच प्येमोन्ते प्रांतातून गेलेल्या, मिथेनॉल मिसळलेल्या स्वस्त वाईनने वीसहून जास्त माणसं दगावली होती. आजोबा तो विषय टाळत नाहीत. कुठल्या द्राक्षाची, कुठल्या सालची, अल्कोहोल किती, हे पावतीवर आहे का ते बघ, एवढंच म्हणाले. होतं.

घरी आणल्यावर दामिजाना काही दिवस हलवायची नाही, म्हणजे गाळ तळाशी बसतो. बाटल्या भरायच्या त्या वद्य पक्षात, अशी इथली जुनी समजूत. माझ्या स्वयंपाकघरातलं कालनिर्णय पहिल्यांदाच आजोबांच्या कामी आलं! चंद्राचं खरंखोटं मला माहीत नाही, पण त्या निमित्ताने गाळ बसायला वेळ मिळाला, हे बरंच झालं.

दामिजाना टेबलावर, बाटल्या खाली फरशीवर. नळीचं वरचं टोक गाळाच्या बरंच वर धरायचं आणि खालचं थेट बाटलीच्या तळाला टेकवायचं. वरून धार सोडली की फेस येतो, वाईनमध्ये हवा मिसळते आणि ती लवकर खराब होते. बूच आणि वाईन यांच्यात बोटाच्या जाडीएवढी जागा ठेवायची. हाताने चालवायचं बुचाचं यंत्र आजोबांचंच. दांडा दाबला की बूच कुरकुरत आत जातं. एकदा तोंड उघडलं की सगळी दामिजाना त्याच बैठकीत रिकामी करायची. अर्धी ठेवली तर आंबते.

बाटलीबंद बार्बेरा द'आस्तीला, म्हणजे आस्ती भागातल्या बार्बेराला, 2008 पासून डीओसीजी हा इटलीतल्या वाईनचा सर्वात वरचा दर्जा आहे; सुटीला तो शिक्का नाही. द्राक्ष मात्र तेच. रंग गडद, आंबटपणा भरपूर, तुरटपणा कमी. म्हणूनच ती तिखटाबरोबर चालते. तुरट रेड वाईन लाल तिखटावर घेतली की जीभ आणखी पोळते. ही मटणाच्या रश्श्यावरचा तवंग कापते. इथली महागडी बारोलो पाहुण्यांसाठी, आणि तीही त्यांनी आणली तर.

तळाची गढूळ वाईन आजोबांनी व्हिनेगरसाठी मागून नेली. बाटल्या सध्या पलंगाखाली आडव्या आहेत. तळघर आहे, पण ते हीटरच्या पाइपांना लागून.