'सिट' म्हटलं की गुरगुरणारा लॅब्रडॉर

मी कुत्र्यांची ट्रेनर. मला बोलावलं त्याला निमित्त सोसायटीच्या नोटिशीचं होतं. कुत्रा लिफ्टमध्ये अंगावर उड्या मारतो, लहान मुलं घाबरतात, ताबडतोब बंदोबस्त करा. पुण्यात सिंहगड रोडला सहाव्या मजल्यावरचं घर. घरात आजोबा, नोकरी करणाऱ्या काकू, कॉलेजात जाणारा मुलगा आणि अकरा महिन्यांचा पिवळा लॅब्रडॉर ब्रूनो. घरच्यांना मात्र नोटिशीपेक्षा दुसरीच गोष्ट खात होती. पाचव्या महिन्यात 'सिट' म्हटल्याबरोबर टेकणारा ब्रूनो आता तोंड फिरवायचा, आणि मुलाने कंबर दाबून बसवायला घेतलं की गुरगुरायचा. 'लाडाने डोक्यावर बसलाय,' हे काकूंचं निदान. आजोबा म्हणाले, 'ताई, सगळं कळतं हो त्याला. मुद्दाम करतो.'

या वयात कुत्रा वयात येतो आणि शिकलेलं विसरल्यासारखा वागतो, हे खरंच आहे. पण तो विसरतो तेव्हा त्याचं लक्ष दुसरीकडे असतं: वास, खिडकीबाहेरचं मांजर, खालून येणारा भुंकण्याचा आवाज. ब्रूनोचं लक्ष थेट माझ्या हातातल्या चिकनवर होतं. लाळेची तार लोंबत होती, तरी मागचा भाग खाली जात नव्हता. लॅब्रडॉर आणि खाणं यांचं नातं सांगायला नको. २०१६ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं की त्यांनी तपासलेल्या जवळपास पाव लॅब्रडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गाळलेला असतो, आणि अशा कुत्र्यांची भूक जास्त असते. असा प्राणी चिकन समोर असून बसत नसेल, तर हट्ट हा शब्द मी सगळ्यात शेवटी वापरते.

म्हणून त्या सकाळी शिकवणं बाजूला ठेवलं आणि नुसतं बघायचं ठरवलं. पद्धत साधी आहे, घरी कोणालाही जमेल. एकच आज्ञा, एकाच माणसाने, एकाच आवाजात, तीन वेगवेगळ्या पृष्ठभागांवर पाच-पाच वेळा द्यायची. इथे हॉलची व्हिट्रिफाइड फरशी, मग त्यावर पसरलेली रबरी योगा मॅट आणि शेवटी खाली बागेतलं गवत. मोजायचं ते कितीदा बसला एवढंच नाही. आज्ञा दिल्यापासून बूड टेकेपर्यंत किती वेळ गेला, हे जास्त बोलकं असतं. फोन टेबलावर उभा करून शूटिंग करावं, डोळा फसतो.

फरशीवर ब्रूनो अर्धा वाकायचा, मागचे पाय बाहेर सरकायचे आणि तो घाईने पुन्हा उभा राहायचा. नखं वाढलेली होती, चालताना टकटक आवाज येत होता. सपाट जमिनीवर कुत्रा उभा असताना नख टेकता कामा नये. टेकलं की पंजाच्या गाद्या नीट धरत नाहीत. शिवाय बोटांमधले केस वाढून गाद्यांवर आले होते. हे दोन्ही दहा मिनिटांत सुटणारे प्रश्न, आणि फ्लॅटमधल्या बऱ्याच 'बसत नाही' तक्रारी इथेच संपतात.

पण मॅटवरही तो सरळ बसला नाही. दोन्ही मागचे पाय एका बाजूला टाकून, एका कुल्ह्यावर भार देऊन बसला. उठताना पुढच्या पायांनी स्वतःला ओढून घेतलं. गवतावर पहिल्यांदा पटकन टेकला, नंतर प्रत्येक वेळी उशीर वाढत गेला. इथे माझी खात्री पटली. शिकत असलेला कुत्रा दर वेळी थोडा लवकर प्रतिसाद देतो. बक्षीस तेच, जागा तीच, आणि तरी उशीर वाढतोय, तर ती हालचाल त्याला महाग पडते आहे. मुलाला म्हटलं, त्याला घेऊन थोडा पळ. पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलले जात होते.

ही सगळी लक्षणं हिप डिस्प्लेशियाकडे बोट दाखवतात. लॅब्रडॉरमध्ये खुब्याच्या सांध्याचा हा विकार नेहमी दिसतो. उखळीची वाटी उथळ राहते, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात घट्ट बसत नाही, सांधा ढिला राहून घासतो. मूळ अनुवंशिक, पण वाढीच्या वयातल्या जास्तीच्या वजनाने तो बळावतो. रोगाचं नाव सांगणं हे ट्रेनरचं काम नाही, म्हणून मी काकूंना एवढंच सांगितलं: आजपासून 'सिट' बंद, कंबर दाबणं कायमचं बंद, आणि डॉक्टरांकडे जाताना व्हिडिओ घेऊन जा. समोरून येताना, मागून जाताना, बाजूने चालताना, जिना चढताना आणि झोपेतून उठताना, प्रत्येकी अर्धा मिनिट. दवाखान्यात घाबरलेला कुत्रा लंगडणंही लपवतो, घरचा व्हिडिओ लपवत नाही. खुब्याच्या एक्स-रेसाठी मागचे पाय पूर्ण ताणून सरळ धरावे लागतात, त्यामुळे बहुधा गुंगीचं औषध देतात. हे आधी माहीत असलं की घरचे दचकत नाहीत.

गुरगुरण्याबद्दलही त्याच दिवशी बोलणं झालं, कारण मुलगा त्यावर ओरडायचा. कंबरेवर हात येताच ब्रूनो आधी ओठ चाटायचा, मग कान मागे घ्यायचा, मग मान वळवून हाताकडे बघायचा. तीन वेळा सांगून झाल्यावर चौथ्यांदा गुरगुरायचा. ओरडून गुरगुरणं बंद पाडता येतं, दुखणं नाही. मग राहतो तो न सांगता चावणारा कुत्रा. मागचा भाग दाबून बसवण्याची पद्धत जुन्या शिकवणीतून आली आहे आणि अजून मैदानांवर सर्रास दिसते. धडधाकट कुत्रा त्याविरुद्ध पाय रोवतो, दुखऱ्याला ती शिक्षाच होते.

एक्स-रेत दोन्ही खुबे उथळ निघाले, डावा जास्त. डॉक्टरांनी औषध, वजन आणि व्यायाम यांचं वेळापत्रक दिलं. आपली वेदनाशामक गोळी कुत्र्याला कधीही देऊ नये. आयब्युप्रोफेनने पोटात रक्तस्राव होऊन मूत्रपिंडं जाऊ शकतात. औषध लागू पडल्यावर उलटी अडचण येते. कुत्र्याला बरं वाटतं, तो धावत सुटतो, घरचेही खूश होऊन बॉल फेकतात आणि दुसऱ्या दिवशी तो उठत नाही. बॉल फेकणं बंद, पट्ट्यावर संथ चालणं सुरू.

आता नोटिशीकडे. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर किंवा त्यांच्या लिफ्ट वापरण्यावर बंदी घालता येत नाही. काकूंनी तो कागद छापूनही ठेवला होता. त्याने हक्क सिद्ध होतो, चौथ्या मजल्यावरच्या बाईंची भीती जात नाही. लिफ्टमध्ये शांत उभा राहणारा कुत्राच तिथे उपयोगी पडतो. बसणारा नव्हे, उभा राहणारा. 'सिट'ऐवजी आम्ही 'थांब' घेतलं.

'थांब' शिकवताना हाताची उंची सांभाळायची. खाऊ नाकासमोर, जमिनीला समांतर. हात वर गेला की डोकं वर जातं आणि मागचा भाग आपोआप खाली येतो. धडधाकट पिल्लाला 'सिट' असंच शिकवतात, इथे नेमकं तेच टाळायचं होतं. चालता चालता थांबायचं, चारही पाय स्थिर झाले त्या क्षणी 'येस' म्हणायचं आणि खाऊ तोंडाशी न्यायचा. 'येस' एका सेकंदाच्या आत यायला हवा. उशीर झाला तर बक्षीस पुढच्या पावलाला मिळतं आणि कुत्रा पाऊल टाकायला शिकतो. खाऊचा तुकडा हरभऱ्याएवढा, बिनमिठाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको, दोन्ही कुत्र्याला विषारी. दिवसभराचं अन्न सकाळी वजन करून काढायचं आणि खाऊ जितका खर्च होईल तितकं जेवण कमी करायचं. हलक्या बोटांना बरगड्या लागल्या पाहिजेत, ब्रूनोच्या शोधाव्या लागत होत्या. एका वेळी तीन मिनिटं, दिवसातून तीनदा, त्याहून जास्त नाही.

घरात तीन माणसं तीन शब्द वापरत होती: 'स्टॉप', 'रुक', 'थांब'. फ्रिजवर कागद लावला. एक हालचाल, एक शब्द. आजोबांनी सगळ्यात काटेकोर पाळलं.

लिफ्टसाठी दुपारी अडीचची वेळ धरली, सकाळी आठ वाजता स्कूल बसच्या गर्दीत काहीच शिकवता येत नाही. आधी दारापासून दोन मीटरवर उभं राहून नुसतं दार उघडणं-मिटणं बघायचं, प्रत्येक उघडण्याला खाऊ. मग रिकाम्या लिफ्टमध्ये मॅट टाकून आत, कोपऱ्यात, आणि माणूस कुत्रा व दार यांच्या मध्ये. पट्टा चार फुटी, हातात आखूड पण सैल. लांबणारा-आखडणारा फ्लेक्सी पट्टा लिफ्टमध्ये अजिबात नको. दोर दारात अडकून लिफ्ट सुटली तर कुत्र्याचा जीव जातो. मग घरचाच माणूस आधीपासून आत उभा, मग मधल्या मजल्यावर आत येणारा, शेवटी भाजीची पिशवी घेतलेला. कुत्र्याने चिकन नाकारलं तर समजायचं, पायरी फार मोठी पडली. एक टप्पा मागे यायचं.

उड्यांची गोष्ट निराळी. ब्रूनो उडी मारायचा तेव्हा सगळे 'नो, नो' म्हणत त्याला हाताने ढकलायचे. त्याच्या दृष्टीने ते बोलणं झालं, स्पर्श झाला, खेळ झाला. यावर लक्ष न देण्याचा उपाय सगळे सांगतात, पण लक्ष काढून घेतलं की उड्या आधी वाढतात आणि तिथेच बहुतेक घरं हार मानतात. म्हणून नुसतं दुर्लक्ष पुरत नाही. माणूस येतोय असं दिसताच, उडीच्या आधी, खाऊ जमिनीवर टाकायचा. नाक खाली गेलं की पुढचे पाय वर जात नाहीत. उडीनंतर मागच्या पायांवर पडणारा भारही टळतो, तो वेगळा फायदा. गेटवरचे वॉचमनकाका मधूनअधून उडी मारल्यावरच बिस्किट द्यायचे. कधी मिळतं, कधी नाही, अशा बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट. त्यांच्याकडे फुटाण्याएवढ्या खाऊची डबी दिली आणि चार पाय जमिनीवर असले तरच, एवढं सांगितलं. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की आता बाकीच्या कुत्र्यांच्या मालकांनाही बजावतात.

'जागेवर', म्हणजे आडवं होऊन राहणं, मात्र जाड, न दबणाऱ्या गादीवर शिकवलं. उभ्याने थेट आडवं व्हायचं, मध्ये बसणं नाही. खाऊ नाकापासून खाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये आणि किंचित मागे, छातीकडे न्यायचा, म्हणजे पुढचं-मागचं शरीर एकदम घडी घेतं. पुढे ओढलात तर तो चालू लागतो.

एक प्रश्न शिल्लक होता: लिफ्ट बंद पडली तर सहा मजले? जिना उतरताना मागच्या पायांपेक्षा पुढच्यांवर भार येतो, चढणं जास्त कठीण. जाड टॉवेलची लांब घडी करून पोटाखालून, मागच्या पायांच्या अगदी पुढून घ्यायची, दोन्ही टोकं वर एका हातात, दुसऱ्या हातात हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा. उचलायचं नाही, फक्त भार कमी करायचा. नराच्या बाबतीत टॉवेल फार मागे गेला तर लघवीच्या जागी दाब येतो आणि तो चालायलाच नकार देतो. दर मजल्यावर थांबायचं, पाणी द्यायचं. टॉवेल काकूंनी दाराजवळच्या खुंटीवर टांगला आहे, पट्ट्याच्या शेजारी.