भाकरी मोजायची ती पिठात

"चपाती बंद करून भाकरी धरली, साखरेचा डबा वर ठेवून दिला, तरी जेवणानंतरची शुगर २२० का येते?" सातारा-सांगलीकडे टाईप टू मधुमेह असलेल्यांना कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे अन्नातला पोटात गेल्यावर शुगर वाढवणारा भाग) मोजायला शिकवताना हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही तोच विचारलात म्हणून जरा सविस्तर सांगते. बहुतेक वेळा याचं उत्तर ताटात सापडत नाही, परातीत सापडतं.

भाकरी चांगलीच, पण तिला नावावर सूट नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कार्बोहायड्रेट दिलं आहे. गव्हाच्या पिठात ६४, बाजरीत ६२, पांढऱ्या तांदळात ७८. वजनाला वजन धरलं तर ज्वारी गव्हापेक्षा कणभर वरच आहे. खरा घोळ आकारात होतो. चपाती असते ३० ग्रॅम पिठाची, म्हणजे कार्ब १९-२० ग्रॅम. आपल्याकडची हातभर भाकरी मात्र ६० ते ८० ग्रॅम पिठाची. दोन चपात्यांच्या जागी दोन भाकऱ्या आल्या की ४० ग्रॅमचे ८० होतात, भाकरी दांडगी असेल तर शंभराच्या पुढे जातात. आणि माणूस म्हणतो, मी तर दोनच खाल्ल्या.

शिकवताना १५ ग्रॅम कार्बला एक माप म्हणायचं. टक्केवारी पहिल्या दिवशी काढूच नये, डोकं उठतं. पहिल्या बैठकीत भाकरी, भात आणि चहा एवढंच पुरे. आणि भाकरी थापणारी व्यक्ती सोबत हवीच. खाणाऱ्याला एकट्याला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी; पीठ किती घेतलं हे त्याला ठाऊकच नसतं.

भाकरीचा हिशोब असा. स्वयंपाकघरातल्या साध्या डिजिटल काट्यावर रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणायचा. सगळ्यांसाठी लागतं तेवढं पीठ त्यात घ्यायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. समजा ३०० ग्रॅम भरलं आणि त्याच्या ५ सारख्या भाकऱ्या झाल्या, तर एका भाकरीत ६० ग्रॅम पीठ, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम कार्ब, पावणेतीन मापं. थापताना वरून लावायचं पीठही याच ३०० मधून घ्यायचं, नाहीतर ते हिशोबाबाहेर राहतं. आठवडाभर असं केलं की हाताला अंदाज येतो, मग काटा रोज काढायची गरज नाही. महिन्यातून एकदा मात्र काढावा, कारण उंडा हळूहळू परत मोठा होतो.

इथली नेहमीची चूक म्हणजे भाजलेली भाकरी काट्यावर ठेवून तिला ६८ टक्के लावणं. भाजलेल्या भाकरीत पाणी असतं, त्यामुळे आकडा उगाच फुगतो आणि घाबरून माणूस अर्धपोटी उठतो. ६८ हा आकडा कोरड्या पिठाचा आहे.

भाताला उलटी पद्धत, तो शिजल्यावर मोजायचा. मोकळ्या शिजलेल्या भाताच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २८ ग्रॅम कार्ब, जवळजवळ दोन मापं. घरातली वाटी कुठली, हे आधी ठरवा. काट्यावर वाटीत पाणी ओतून बघा. एकीत १०० ग्रॅम मावतं, दुसरीत २००, आणि दोन्हींना आपण वाटीच म्हणतो. एक वाटी पक्की करून तिच्या तळाला खूण करून ठेवावी. शीग लावायची नाही, दाबायचं नाही.

उसळ, पिठलं, आमटी यांना भाजीत धरण्याची सवय आहे, तीही मोडावी लागते. ३० ग्रॅम बेसनाचं पिठलं साधारण एक माप होतं. वाटीभर घट्ट उसळीचंही तेवढंच धरा. वांगं, मेथी, दोडका, कोबी असल्या भाज्या सुरुवातीला मोजू नका. बटाटा आणि रताळं मात्र भाताच्या रांगेत बसतात.

आता चहा. सपाट चमचाभर साखर म्हणजे ४ ते ५ ग्रॅम कार्ब. दोन चमच्यांचे चार कप झाले की दिवसाला ४० ग्रॅमच्या घरात, वर दूध वेगळं. म्हणजे ६० ग्रॅम पिठाची अख्खी भाकरी चहातून पोटात गेली. "मग गूळ घालू का?" असं लगेच विचारलं जातं. घालू नका. उसाच्या मुलखात गुळाला औषध मानायची पद्धत आहे, पण रक्ताला तो साखरेसारखाच.

फळांत तासगावची द्राक्षं १५-१७ मणी झाले की एक माप. त्यांचेच बेदाणे झाले की दोन मोठे चमचे भरताच माप पुरं होतं, आणि बेदाणे कुणी चमच्यानं खात नाही, मुठीनं खातो. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मात्र पाव किलोला थोडी कमी, १८०-२०० ग्रॅमपर्यंत, एका मापात बसते. क्रीम आणि साखर घातली की हिशोब गेला. सांगलीचं भडंग हलकं वाटतं म्हणून मोजलं जात नाही. ५० ग्रॅम चुरमुऱ्यांत ४० ग्रॅमच्या आसपास कार्ब असतं.

एका जेवणाला किती मापं, हे वजन, काम आणि गोळ्या पाहून डॉक्टरांशी ठरवायचं. पुष्कळांचं तीन ते चार मापांत भागतं, पण शेतात दिवसभर राबणाऱ्याचा आणि दुकानात बसणाऱ्याचा आकडा एक कसा असेल? ठरलेलं बरोबर आहे का, ते ग्लुकोमीटर, म्हणजे घरी शुगर तपासायचं यंत्र, सांगतो. जेवणाआधी एकदा, आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. शेवटच्या घासापासून वेळ धरली तर आकडा फसवा येतो. तेच जेवण दोन दिवस सारखं घेऊन तपासा, एका आकड्यावर भाकरी कापू नका. जेवणाआधीचीच शुगर १८० असेल तर नंतरच्या २२० चा सगळा दोष भाकरीवर टाकता येत नाही.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराईडसारखी शुगर खाली आणणारी गोळी चालू असेल तर मापं एकदम कमी करणं धोक्याचं. हात थरथरले, घाम फुटला, शुगर ७० च्या खाली दिसली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या वेळी भाकरी किंवा पेढा कामाचा नाही, उशीर लागतो. उपवासाचंही तसंच. सकाळी गोळी घेऊन दुपारपर्यंत काही नाही, मग एकदम १०० ग्रॅम साबुदाण्याची खिचडी, म्हणजे ८५ ग्रॅमच्या वर कार्ब. आधी शुगर खाली, मग आभाळात. उपवासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची ते आधीच विचारून ठेवा, आणि साबुदाणा भिजवण्याआधी कोरडा मोजा: १७-१८ ग्रॅमला एक माप.

यात्रेतल्या मटणाचं सगळेच चाचरत विचारतात. मटणात कार्ब नसल्यातच जमा, रश्शात कांदा-खोबऱ्याचं असेल ते थोडंच. तेल-मिठाचा मुद्दा वेगळा. मोजायच्या त्या रश्शात कुस्करलेल्या भाकऱ्या, आणि त्या दिवशी कुस्करताना मोजदाद राहत नाही, म्हणून ताटात आधीच ठरलेल्या तेवढ्याच घ्या.