तुम्ही विचारलंत म्हणून: प्लाझ्मा टेबल घरी बनवता येते का?

कोल्हापूरजवळच्या आमच्या छोट्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये जो कोणी येतो, तो आधी आमच्या प्लाझ्मा टेबलापाशी, म्हणजे विजेच्या तप्त झोताने पत्रा कापणाऱ्या यंत्रापाशी थांबतो. गेटची ऑर्डर द्यायला आलेले गृहस्थ असोत, ट्रॉलीच्या बिजागऱ्या करून घ्यायला आलेला शेतकरी असो किंवा आयटीआयची मुले असोत, संगणकाच्या हुकमाने पत्र्यावरून फिरणारी टॉर्च, म्हणजे तो झोत सोडणारे हत्यार, पाहिली की प्रश्न ठरलेला असतो: "हे तुम्ही इथेच बनवलंत? मग आम्हालाही बनवता येईल का, आणि त्यात सगळ्यात अवघड काय?" कामाच्या गडबडीत उभ्या उभ्या दिलेले उत्तर नेहमी अपुरे राहते, म्हणून आज ते सविस्तर लिहितो.

बनवता येते. ज्याला वेल्डिंग येते, गुण्या धरता येतो आणि मोजमापाचा कंटाळा नाही, अशा माणसाने ते जरूर बनवावे. मात्र मोटारी आणि संगणक हाच अवघड भाग, असे जे बहुतेकांना वाटते, ते मला मान्य नाही. या यंत्राचा सगळा जीव टॉर्चचे तोंड आणि पत्रा यांच्यामधल्या दीड मिलिमीटरच्या फटीत आहे. ती फट सांभाळता आली तर टेबल तुमचे, नाही तर ते नुसते महागडे चित्र काढण्याचे यंत्र होऊन बसते.

आधी प्लाझ्मा कापतो कसा, ते थोडक्यात सांगतो. टॉर्चमधल्या तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियम नावाच्या धातूचा बारीक ठिपका बसवलेला असतो. त्या ठिपक्यापासून पत्र्यापर्यंत आर्क, म्हणजे विजेची अखंड ठिणगी पेटते, दाबाखालची हवा तिला टॉर्चच्या तोंडाच्या, म्हणजे नोझलच्या, जेमतेम एक मिलिमीटरच्या भोकातून आवळून बाहेर काढते, आणि त्या आवळण्यामुळे झोताचे तापमान वीस हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाते. लोखंड वितळते आणि तीच हवा वितळलेला रस खाली उडवून लावते. अमेरिकेतल्या युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज यांना या पद्धतीचे पेटंट १९५७ साली मिळाले. गॅस कटिंगमध्ये लोखंड ऑक्सिजनमध्ये जळते, म्हणून तिथे स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम कापत नाही. प्लाझ्माला धातूतून वीज वाहिली की पुरे असते.

सांगाड्यापासून सुरुवात करू. आमच्याकडे पत्रा १२५० बाय २५०० मिलिमीटरचा येतो, म्हणून टेबल त्याहून थोडे मोठे घेतले. चौकट ८० बाय ४० च्या आयताकृती पाइपची आहे. पहिल्या दिवशी उत्साहाच्या भरात एका बाजूचे सगळे जोड मी एका बैठकीत पूर्ण वेल्ड केले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेप लावला, तर दोन कर्णांत चार मिलिमीटरचा फरक होता. वेल्डिंग थंड होताना ओढते, हे मला वीस वर्षे ठाऊक होते. गेटला ते चालूनही जाते. या टेबलाला मात्र चार मिलिमीटरचा अर्थ असा होतो की सव्वा मीटरच्या गँट्रीचे (टॉर्च धरून टेबलावर सरकणाऱ्या आडव्या तुळईचे) एक टोक दुसऱ्या टोकाच्या सुमारे सव्वादोन मिलिमीटर पुढे राहणार आणि कापलेला प्रत्येक चौकोन तिरका येणार. दोन जोड ग्राइंडरने उघडले, चौकट ओढून दोन्ही कर्ण सारखे केले, समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून टाके मारले, आणि प्रत्येक टाक्यानंतर पुन्हा टेप लावला. पाण्याच्या नळीने चारही कोपऱ्यांची पातळी पाहिली. या कामात तीन दिवस गेले आणि त्यातला एक तासही वाया गेला असे मला वाटत नाही.

चालना देणारा भाग लवकर सांगून टाकतो, कारण तो खरोखर सोपा आहे. लांबीच्या दोन्ही बाजूंना एकेक, आडव्या अक्षाला एक आणि टॉर्च वर-खाली करायला एक, अशा चार स्टेपर मोटारी, म्हणजे ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटारी, आहेत. दात एक मोड्यूलचे (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचे माप), दातेरी पट्टीवर फिरणाऱ्या छोट्या चाकाला, म्हणजे पिनियनला, वीस दात, म्हणजे पिनियनच्या एका फेऱ्यात ६२.८३ मिलिमीटरची चाल मिळते. मध्ये पट्ट्याने एकास तीन गती कमी केली, आणि मोटारीच्या एका फेऱ्याचे सोळाशे टप्पे केले. हिशेब मांडला तर एका मिलिमीटरला ७६.४ टप्पे पडतात. प्लाझ्माची चीरच दीड मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे याहून बारीक टप्प्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. एक मीटर चालवा, स्टीलच्या पट्टीने मोजा, आकडा सुधारा, झाले.

सुरुवातीला मी अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डावर जीआरबीएल ही मोटारी चालवणारी मोफत प्रणाली घातली होती. टॉर्चच्या जागी स्केच पेन बांधून कागदावर गणपती काढला आणि तो इतका सुबक आला की शेजारच्या वर्कशॉपमधली मंडळी पाहायला आली. टेबल तयार झाले, असेच मलाही वाटले.

मग तीन मिलिमीटरचा पत्रा चढवला. पहिली वीतभर चीर आरशासारखी आली. त्यानंतर पत्रा तापू लागला, मधोमध फुगून चार-पाच मिलिमीटर वर उचलला गेला आणि नोझल त्यावर घासून चिकटले. मोटारी टप्पे चुकवत पुढे ओढत राहिल्या, आणि मी थांबवण्याचे बटण दाबेपर्यंत नोझलचे तोंड वितळून लंबगोल झाले होते. ते नोझल मी अजून कपाटात ठेवले आहे. आयटीआयच्या मुलांना मी आधी तेच हातात देतो.

कागद जागचा हलत नाही, पत्रा हलतो. म्हणून टॉर्चला पत्र्याची उंची क्षणोक्षणी कळली पाहिजे, आणि त्या धगीत आणि ठिणग्यांत कोणताही सेन्सर टिकत नाही. याचा तोडगा मला फार सुंदर वाटतो: उंची खुद्द आर्कलाच विचारायची. फट वाढली की आर्क लांब होतो आणि त्याचा व्होल्टेज चढतो. फट कमी झाली की उतरतो. पंचेचाळीस अँपिअरवर सहा मिलिमीटरची प्लेट कापताना माझ्याकडे तो एकशे तीस व्होल्टच्या आसपास असतो, आणि पाच व्होल्टचा फरक म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर. तो व्होल्टेज पन्नासाने भागून अडीच-पावणेतीन व्होल्टवर आणायचा, नियंत्रकाला द्यायचा, आणि नियंत्रकाने त्यानुसार टॉर्च उचलायची किंवा उतरवायची. हे जीआरबीएलच्या मूळ रूपात नाही, म्हणून मी जुन्या डेस्कटॉपवर लिनक्ससीएनसी ही यंत्र चालवणारी संगणक प्रणाली घेतली. तीही मोफत आहे, त्यात प्लाझ्मासाठी वेगळी रचना तयार मिळते, आणि त्यासाठी सिग्नल मोजणारे मेसा कंपनीचे कार्ड तेवढे विकत घ्यावे लागले.

पण आर्क खोटेही बोलतो, आणि ते ओळखायला मला दोन महिने लागले. कोपऱ्यावर वळताना गँट्रीचा वेग कमी होतो, चीर रुंद होते, आर्कला पत्रा थोडा दूर शोधावा लागतो आणि व्होल्टेज चढतो. नियंत्रकाला वाटते की टॉर्च उंच गेली, म्हणून तो तिला खाली दाबतो. आधी कापलेल्या चिरेवरून टॉर्च गेली की हेच आणखी जोरात घडते आणि ती सरळ पत्र्यात घुसते. यावर उपाय एकच: ठरलेल्या वेगापेक्षा वेग थोडा जरी उतरला, किंवा व्होल्टेज एकाएकी उसळला, तर त्या क्षणापुरते उंचीचे नियंत्रण गोठवून ठेवायचे. ही सोय ज्या नियंत्रकात नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

सुरुवातीची उंचीही तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्येक चिरेआधी टॉर्च हळू उतरून पत्र्याला टेकते, तिथे शून्य धरते, मग ३.८ मिलिमीटर वर जाऊन भोक पाडते, अर्धा सेकंद थांबते आणि मगच दीडवर येऊन चालू लागते. दीडवरूनच भोक पाडायला गेलात, तर उसळणारा लोखंडाचा रस थेट नोझलच्या तोंडात जातो.

विजेच्या गोंगाटाने मला सर्वांत जास्त छळले. माझे पहिले प्लाझ्मा मशीन, म्हणजे टॉर्चला वीज पुरवणारी पेटी, उच्च वारंवारतेच्या ठिणगीने आर्क पेटवणारे होते. हाताने कापायला ते उत्तम होते, पण टेबलाला जोडले की टॉर्च पेटताक्षणी संगणकाचा यूएसबी तुटायचा किंवा लिमिट स्विच (टोकाला पोचल्यावर यंत्र थांबवणारा) कोणी न दाबता दाबला जायचा. मी केबल बदलल्या, जाळीदार वेष्टणाच्या वायर घेतल्या, वेष्टण एकाच टोकाला अर्थिंगला जोडले, शेडच्या मागे टेबलासाठी वेगळा अर्थिंगचा रॉड ठोकला. त्रास कमी झाला, संपला नाही. शेवटी ते मशीन विकून टाकले आणि असे घेतले, ज्यात इलेक्ट्रोड आणि नोझल आधी एकमेकांना टेकलेले असतात आणि हवेच्या दाबाने विलग होताना आर्क पेटतो. त्या दिवसापासून संगणक एकदाही बंद पडलेला नाही. म्हणून माझे सांगणे असे की सगळ्यात आधी प्लाझ्मा मशीन निवडा, त्याला सीएनसीसाठी, म्हणजे संगणकाने चालवण्यासाठी, जोडणी आहे ना ते पाहा, आणि चौकटीचे लोखंड त्यानंतर आणा. मशीनचा अर्थिंगचा क्लॅम्प मी चौकटीला न लावता थेट पत्र्याला लावतो.

पावसाळ्यात आणखी एक शत्रू येतो. आमच्याकडे जुलैत भिंतीसुद्धा ओल्या वाटतात, आणि कॉम्प्रेसर ती सगळी ओल दाबून नळीतून टॉर्चकडे पाठवतो. उन्हाळ्यात दोन दोन दिवस चालणारे इलेक्ट्रोड त्या पहिल्या जुलैत अर्ध्या दिवसात जायला लागले. हाफ्नियमच्या ठिपक्यात खड्डा पडायचा आणि आर्क तिरका धावायचा. आता कॉम्प्रेसरपासून टॉर्चपर्यंत तांब्याच्या नळीची लांब वेटोळी आहेत, त्यात हवा निवते, पाणी खाली साचते आणि पुढे सुकवणारे फिल्टर बसवले आहेत. टाकीतले पाणी रोज सकाळी सोडायचे, हा शेडचा नियमच केला आहे.

कापण्याची दिशा ही गोष्ट फार कमी जण विचारतात, पण तिने कामाचा दर्जा एका झटक्यात बदलतो. नोझलमधली हवा गरगरत बाहेर येते, त्यामुळे चिरेची उजवी बाजू सरळ आणि डावी थोडी उतरती येते. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेने कापायची आणि आतली भोके उलट दिशेने, म्हणजे दोन्ही वेळी आपला तुकडा उजवीकडे राहतो आणि उतरती बाजू भंगारात जाते. वेगाचा अंदाज पत्र्याखालच्या ठिणग्यांवरून घ्यावा. त्या किंचित मागे झुकलेल्या असल्या की वेग बरोबर असतो. खाली जाड, हाताने निघणारा मळ आला तर वेग कमी आहे. बारीक आणि छिन्नीलाही न दाद देणारा आला तर जास्त आहे. भोकाचा व्यास प्लेटच्या जाडीइतका किंवा त्याहून लहान असेल, तर प्लाझ्माच्या नादी लागू नका. टॉर्चने मध्यबिंदूची खूण करून ड्रिल मारावे.

टेबलाखाली पाण्याचा ट्रे ठेवल्याने धूर आणि धूळ पुष्कळ कमी होते, परंतु त्या पाण्यावर ॲल्युमिनियम कापू नका. वितळलेले ॲल्युमिनियम पाण्यातून हायड्रोजन सोडते, तो पत्र्याखाली कोंडतो आणि भडकतो. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे काम आले की मी ते नम्रपणे परत पाठवतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा बंद शेडमध्ये कापला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि काळ्या काचेशिवाय आर्ककडे पाहिले तर डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. शेजारची मुले उत्सुकतेने डोकावतात, म्हणून टेबलाच्या तीन बाजूंना पडदे लावले आहेत.

राहिला प्रश्न लेझरचा. दोन मिलिमीटरचा पत्रा आणि नाजूक जाळीचे काम मी स्वतः लेझरवाल्याकडे पाठवतो, तिथे प्लाझ्माने हट्ट धरू नये. पण सहा ते बारा मिलिमीटरच्या बेसप्लेट, ब्रॅकेट आणि नांगराचे भाग, तेही पाच-दहाच नग आणि संध्याकाळपर्यंत हवे असलेले, हे काम या टेबलाइतके चोख आणि हाताशी दुसऱ्या कशावर होत नाही. ऐन हंगामात नांगर मोडलेला शेतकरी उभा असतो आणि तासाभरात त्याच्या हातात नवा भाग देता येतो, याचे समाधान मला फार मोठे वाटते.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी मी सहा मिलिमीटरच्या तुकड्यातून पन्नास मिलिमीटरचा एक चौकोन आणि त्यात वीसचे एक भोक कापतो. व्हर्नियरने चौकोनाच्या चार बाजू मोजतो, गुण्या लावून कोपरे पाहतो, भोक वरून आणि खालून दोन्हीकडून मोजतो. खालचा व्यास वरच्यापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त लहान आला, की टॉर्च उघडून इलेक्ट्रोडचा खड्डा तपासतो. दीड मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर इलेक्ट्रोड आणि नोझल दोन्ही बदलतो, पुन्हा एक चौकोन कापतो, आणि तो बरोबर आला की मगच दिवसाचा पहिला पत्रा टेबलावर चढतो.