आमची वाटचाल: कूलिंग पॅडच्या निळ्या लाइटीपासून सुतारमामांच्या पाटापर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरीत २०११ ला दुकान टाकलं, म्हणजे दुकान काय, जिन्याखालची दहा बाय आठची खोली, एक टेबल, एक हॉट एअर गन आणि मी. वडील उद्यमनगरात लेथवर कामाला, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही की पोरगं दिवसभर एवढे बारके स्क्रू खोलून पैसे कसं काय मिळवतंय. बोर्डावर लिहिलं होतं लॅपटॉप रिपेअरिंग, पण पहिल्या दोन वर्षांत पोटापाण्याचं निम्मं काम कूलिंग पॅडनं, म्हणजे लॅपटॉपखाली ठेवायच्या पंख्याच्या ट्रेनं केलं हे आता कबूल करायला हरकत नाही.

एप्रिल-मे आला की रोज चार-पाच जण यायचे, लॅपटॉप गरम होतोय, मधेच बंद पडतोय. खोलून बघायचं म्हणजे तासभर जाणार, त्यापेक्षा पॅड काढायचा, युएसबी लावायची, निळी लाइट पेटली की गिऱ्हाईक खूष. मार्जिन चांगलं होतं, आम्ही पण बिनधास्त विकले. नंतर एक अख्खा लॉट असा आला की महिन्याभरात फॅन घरघरायला लागले, ज्यांच्याकडनं माल घेतला ते फोन उचलेनात, आणि तीसेक पीस परत घेऊन मी दुकानात बसलेलो. पण डोळे उघडले ते त्यानं नाही, डोळे उघडले मार्केट यार्डातल्या मुनीमकाकांनी.

काका गुळाच्या अडतीवर हिशोबाला. त्यांना मीच पॅड दिलेला. पंधरा दिवसांनी लॅपटॉप आणि पॅड दोन्ही पिशवीत घालून आले, टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “ह्यो पंखा खाली फिरतोय आनि वरचं मशीन तरीबी बंद पडतंय, मग ह्यो वारा कुणाला घालतोय?” त्या दिवशी पहिल्यांदा खोललं. फॅन आणि हीटसिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पट्ट्या ह्यांच्यामधे धुळीचा असा थर बसलेला की चिमट्यानं उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, वाकळंच्या ठिगळासारखा, गुळाच्या भुकटीनं चिकट झालेला, आणि त्यात मेलेल्या मुंग्या. प्रोसेसरवरची, उष्णता हीटसिंकला पोचवणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली. साफ केलं, पेस्ट नवीन लावली, मशीन गप्पगार. काकांनी पैसे दिले, मग पॅड पुढं सरकवला, “आनि ह्येचं?” परत दिले की हो. काय करणार.

त्यानंतर सवयच लावून घेतली, आधी खोलायचं, मग बोलायचं. शिरोलीच्या फाउंड्री ऑफिसातनं येणाऱ्या मशीनमधे काळी बारीक धूळ असते, कॉलेजच्या पोरांच्या मशीनमधे केस आणि चादरीचे धागे. एका इंजिनिअरिंगच्या पोराचा गेमिंग लॅपटॉप होता, त्याच्यावर मोजूनच बघितलं. लोड दिला, म्हणजे जड काम लावलं, की ९७ डिग्री. चिप शंभरच्या आसपास गेली की स्वतःच आपला वेग कमी करते, गेम अडकतो तो त्यामुळं. पॅड लावला, ९३. पॅड बाजूला ठेवून फॅन साफ केला, पेस्ट बदलली, ८२. एकाच मशीनचे आकडे आहेत, सगळीकडं असंच येईल असं नाही, पण माझ्यापुरता निकाल लागला.

आणि हिशोब बघितला तर त्यात नवल पण नाही. साध्या युएसबी पोर्टातनं मिळतात ५ व्होल्ट, ५०० मिलीअॅम्पियर, म्हणजे अडीच वॅट. तेवढ्यावर दोन-तीन फॅन आणि वर लाइटी. काही लॅपटॉपना खालनं हवा घ्यायला जाळीच नसते, तिथं हा वारा बंद दरवाज्यावर. २०२० च्या शेवटापासूनच्या मॅकबुक एअरमधे तर आत फॅनच नाही, तरी त्याच्यासाठी जाळीतनं जोरात हवा मारणारा पॅड मागायला लोक येतात. खरं सांगायचं तर बऱ्याच जणांचा फरक पडतो तो पॅडच्या फॅननं नाही, मशीन मागनं थोडं उचललं गेलं म्हणून पडतो. खालचे रबरी पाय दोन वर्षांत गळून पडतात, लॅपटॉप टेबलाला चिकटून बसतो आणि हवा घ्यायला जागाच उरत नाही. बाटलीची दोन टोपणं मागच्या बाजूला ठेवा आणि बघा, फुकट आहे.

मग आला २०२० चा लॉकडाऊन. पुण्यात कामाला असलेली सगळी पोरं-पोरी गावाकडं, आणि लॅपटॉप कुठं तर गादीवर. दुकान बंद, फोन मात्र चालू. एका वहिनींना फोनवर सांगता सांगता सहज बोलून गेलो, वहिनी, घरात जेवायचा पाट हाय का? तो घ्या मांडीवर आणि त्याच्यावर लॅपटॉप ठेवा. दोन दिवसांनी त्यांचा मेसेज, भारी चाललंय, फक्त पाट लई जड हाय. इथनं आमचा स्टँडचा धंदा सुरू झाला.

डोकं लावून मी पहिला लॉट केला पत्र्याचा. उद्यमनगर हाताशी, पावडर कोटिंग करून घेतलं, दिसायला एकदम कंपनी माल. पन्नास पीस. आणि आठवड्यात तक्रार, मांडी भाजतीय. अहो भाजणारच, पत्रा उष्णता घेतो आणि सरळ मांडीला देतो, लेथवाल्याच्या पोराला हे कळू नये म्हणजे काय. वडील एवढे हसले. ते पीस आम्ही टेबल स्टँड म्हणून खपवले, पुढं तीन वर्षं लागली. मग गल्लीतल्या सुतारमामांनी १२ एमएमच्या प्लायचा करून दिला, सोळा बाय अकरा इंच, खाली दोन आडव्या पट्ट्या पाटासारख्या, पुढं घसरू नये म्हणून बारीक बीडिंग, मधे भोकं. तोच आजपर्यंत चालू आहे.

मांडीची गोष्ट चेष्टेची नाही बरं का. रोज तासन् तास गरम मशीन उघड्या मांडीवर घेतलं की जाळीसारखे तपकिरी डाग पडतात, पूर्वी शेकोटीजवळ बसणाऱ्यांना पडायचे तसेच. पुरुषांसाठी अजून एक, २००५ ला न्यूयॉर्कच्या स्टोनी ब्रूकमधे २९ जणांवर अभ्यास झाला, तासभर मांडीवर लॅपटॉप ठेवून बसले तर अंडकोषाचं तापमान अडीच डिग्रीच्या वर वाढलं. आणि त्याच संशोधकांनी नंतर लॅप पॅड, म्हणजे मांडी आणि लॅपटॉपच्या मधे ठेवायचा पॅड, घेऊन बघितलं तर पॅडनं ते थांबलं नाही, पाय जुळवून बसण्यानंच बराच घोळ होतो, फाकवून बसलं की जरा बरं. म्हणून आमचा स्टँड ‘संरक्षण’ वगैरे म्हणून मी विकत नाही. चटका लागत नाही आणि हवा मोकळी राहते, एवढंच सांगतो. मान दुखतीय म्हणून कुणी आलं तर मांडीवरचा स्टँड देतच नाही, टेबलावरचा उंच देतो आणि वेगळा कीबोर्ड-माउस घ्या म्हणतो, नाहीतर मान वाचते आणि खांदे जातात. टचपॅड वर उचलल्यासारखा वाटत असेल तर काहीच विकत नाही, मशीन बंद करून आधी बॅटरी काढतो, फुगलेली असते.

२०१९ आणि २०२१ च्या पुरात पाण्यातनं आलेल्या मशीनचं लिहायला बसलो तर अजून एक वही लागेल, ते राहू दे.

आज दुकानात आम्ही तिघं आणि बाहेर सुतारमामा. कूलिंग पॅड अजून ठेवतो, पण मोजकेच, लॅपटॉपला खालून घट्ट बसणारी रबराची कड असलेले, मोठ्या ब्लोअरचे. ज्यांना तासन् तास गेम किंवा थ्रीडी रेंडर करायचंय त्यांना त्याचा खरंच उपयोग होतो, आवाज मात्र व्हॅक्युम क्लीनरसारखा येतो हे आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात मुनीमकाका आले, आता रिटायर झालेत, बरोबर नातू, नातवाच्या हातात गेमिंग लॅपटॉप. खोलला, साफ केला, पेस्ट बदलली, तरी लोडवर नव्वदच्या वर. म्हटलं काका, ह्याला पॅड घ्यायला लागंल. काकांनी चष्मा खाली केला, पॅडकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

“तवा परत घेतलास, आनि आता चौपट किमतीत इकतोस व्हय रं?”

नातवानं घेतला. काकांनी पन्नास रुपये कमी करायला लावले आणि बिल मागून घेतलं.