पाटा गेला

आज शेवटी पाटा-वरवंटा गेला. आईच्या घरून आणलेला, बारा वर्षं बाल्कनीत तुळशीशेजारी पडून होता. त्याच्यावर चटणी वाटली ती एकदाच, तीही वीज गेली म्हणून.

कपडे, स्वेटर असते तर 'माणुसकीच्या भिंती'वर नेऊन टांगले असते. (2015 च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहदला अशी भिंत सुरू झाली, मग आपल्याकडेही गावोगावी दिसायला लागली.) पण पाटा कुठल्या खुंटीला टांगणार? म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला, "हवा त्याने न्यावा, पैसे नकोत." लगेच पाच जणांचं "अजून आहे का?" आहे म्हटलं की सगळे गायब!

संध्याकाळी सी विंगमधल्या काकू लेकाला घेऊन आल्या. पाट्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "टाकी लावून घ्यायला हवी गं याला." खरंच, छिन्नीचे टवके झिजून मधोमध पार गुळगुळीत झाला होता. आईच्या हातानं. मला इतक्या वर्षांत दिसलंच नव्हतं.

लिफ्ट नेमकी बंद. चार मजले तो मुलगा आणि मी, मधे दोनदा टेकवत. वरवंटा काकूंनी पदरात धरला होता, तान्ह्या बाळासारखा. खाली पोचल्यावर "फुकट नेत नाहीत" म्हणत अकरा रुपये हातात कोंबले. नको म्हटलं तर रागावल्या.

आत्ता साडेनऊला ग्रुपवर मेसेज : "ताई, पाटा अजून आहे का?"