ओटीपी परभणीला गेला

माझं काम वेबसाइट बनवण्याचं, पण हल्ली निम्मा वेळ बंद होणाऱ्या सेवांमधून लोकांचं सामान बाहेर काढण्यातच जातो. मोठ्या कंपन्या सेवा बंद करतात यात नवीन काही नाही. याहू कंपनीनं २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं, गूगलनं १ जुलै २०१३ ला रीडर, ३० सप्टेंबर २०१४ ला ऑर्कुट, एप्रिल २०१९ मध्ये गूगल प्लस. मुदत देतात, डाउनलोडची सोय देतात, कागदोपत्री सगळं नीट असतं. फक्त ती सोय लॉगिनच्या आत असते, आणि आमचं सगळं काम तिथंच अडतं.

ऑक्टोबरमधली गोष्ट. सावंतवाडीकडचे एक निवृत्त शिक्षक, आता पुण्यात मुलीकडे असतात. सरांनी कित्येक वर्षं जत्रांमध्ये फिरून दशावतारी कलाकारांच्या मुलाखती घेतल्या होत्या, फोटो काढले होते, रात्ररात्र बसून रेकॉर्डिंग केलं होतं. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ठरतं ते फक्त आख्यान, बाकी नट रंगमंचावर उभ्या उभ्या बोलतो. म्हणजे रेकॉर्डिंग गेलं की तो प्रयोगच गेला. हे सगळं एका मोठ्या कंपनीच्या फुकट सेवेवर होतं आणि ती सेवा बंद होणार होती. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांची मुलगी सरांना घेऊन ऑफिसात आली.

शेवटचा दिवस म्हणजे तिकडचा शेवटचा दिवस. कॅलिफोर्नियात रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेबारा झालेले असतात (त्यांचा उन्हाळी वेळ चालू असतो तोवर, नंतर दीड). म्हणजे आम्हाला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ होता. बाहेरच्या कुणाला हे सुचत नाही, पण याच फरकावर मी आजवर बरीच सामग्री वाचवलीय.

पासवर्ड सरांना पाठ होता. पण नवीन फोन, नवीन शहर, त्यामुळे सिस्टीमला संशय आला आणि कोड गेला जुन्या नंबरवर. तो नंबर सरांनी कधीच सोडलेला. बंद झालेला नंबर आपल्याकडे 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला देता येतो, आणि तो दिला गेला होता.

अशा वेळी पहिला उपाय म्हणजे ओळखीचं मशीन. पूर्वी ज्या कॉम्प्युटरवरून लॉगिन व्हायचं तिथून प्रयत्न केला तर सिस्टीम बरेचदा सोडते. सरांचा पुतण्या गावच्या घरी गेला, जुना डेस्कटॉप चालू केला, तर एकही साइट उघडेना. मी विचारलं, कोपऱ्यात तारीख काय दिसतेय? कुठल्या तरी जुन्या सालातला जानेवारी. मदरबोर्डची बॅटरी संपलेली, घड्याळ मागं गेलेलं, आणि तारीख चुकली की साइटचं सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याचा दाखला, ब्राउझरला खोटं वाटतं. तारीख नीट करायला लावली, पान उघडलं, पासवर्ड घेतला, आणि परत कोड त्याच नंबरवर.

मग सरांनी त्या नंबरवर फोन लावला. परभणीकडचा एक माणूस. सरांनी नाव, गाव, शाळा सगळं सांगितलं, दशावतार काय असतो तेसुद्धा सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, तुम्ही खरे असाल. पण मागच्या वर्षी माझ्या भावाचे पैसे असेच गेले. कोड आला तरी मी सांगणार नाही." ऑफिसातला एक पोरगा म्हणाला, मी बोलतो, मोबाइल कंपनीतून बोलतोय म्हणून सांगतो. त्याला मी बाहेर बसवलं. हुशार आहे पण असल्या हुशारीचा मला राग येतो. सर म्हणाले, "तो बरोबर बोलतोय, त्याला परत फोन करू नका."

कंपनीचा फॉर्म भरला, उत्तर आलं की आम्ही तुमची ओळख पटवू शकलो नाही, परत भरला, तेच वाक्य, शब्दसुद्धा तेच. समोर माणूसच नाही. माझा एक क्लायंट याच कंपनीला जाहिरातींचे पैसे देतो, त्याला यांचा माणूस स्वतःहून फोन करतो, बजेट वाढवा म्हणून. आधार कार्ड, पेन्शनचं पुस्तक, स्वतः सर, सगळं माझ्या टेबलापाशी होतं, पण ते दाखवायला जगात कुठं खिडकीच नाही, याचा संताप अजून गेलेला नाही.

रात्रभर आम्ही लॉगिनशिवाय जे उघड दिसत होतं ते उतरवून घेतलं. मुलाखतींचा मजकूर सगळा मिळाला, फोटो मिळाले पण छोटे, दशावतारातल्या संकासुराच्या मुखवट्याचे बारकावे त्यात दिसत नाहीत. रेकॉर्डिंग सरांनी खाजगी ठेवलं होतं, कलाकारांना तसा शब्द दिला होता म्हणून. साडेबारानंतर थोडा वेळ पान उघडत होतं, मग बंद झालं.

मी अजून हेच घोळवतोय की त्या माणसाला पटवायचा सरळ मार्ग होता का. व्हिडिओ कॉल? ठगसुद्धा व्हिडिओ कॉल करतात. पोलिसांचं पत्र? एका दिवसात कोण देणार. तो बरोबर, सर बरोबर, आणि नुकसान मात्र झालंच.

रेकॉर्ड केलेल्यांपैकी काही कलाकार आता नाहीत. बाकीच्यांकडे सर जत्रा सुरू झाल्या की परत जाणार आहेत. रेकॉर्डिंग कुठं ठेवू असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी दोन हार्डडिस्क, एक पुण्यात आणि एक गावाला, कंपनीचं मग बघू.